टीव्ही म्यूट, रेडिओ चालू

[दृश्य: डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना. कॅमेरन इनडोअर स्टेडियमबाहेर तंबू, पहाटेचा उजेड.]

ही पोरं ड्यूक विद्यापीठाची. थंडी मी म्हणतेय, परीक्षा डोक्यावर आहेत, पण तंबू सोडून कुणी हलायला तयार नाही. आतमध्ये ९,३१४ माणसं मावतात. बास्केटबॉलचा सामना, त्यात समोर नॉर्थ कॅरोलिनाचा संघ असला की एवढ्या जागेत काय भागणार!

[दृश्य: गाडीतून रस्ता. चॅपल हिल, फ्रँकलिन स्ट्रीट, आकाशी निळे झेंडे.]

तो संघ राहतो इथं, जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरवर. पलीकडे रॅलेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट. पश्चिमेला विन्स्टन-सेलम, तिथं वेक फॉरेस्ट. चार विद्यापीठं, एकच लीग: अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, सगळ्यांच्या तोंडी एसीसी. आयटीच्या नोकऱ्यांसाठी इकडे आलेल्या मराठी घरांतसुद्धा पोरगं कुठल्या कॉलेजात गेलं, त्यावर घरातल्या टीशर्टचा रंग ठरतो.

या चार गावांचं कशावर म्हणून एकमत होत नाही. एका गोष्टीवर मात्र झालं होतं, तेही वर्षानुवर्षं: टीव्हीवरचा समालोचक बिली पॅकर आपल्या संघाच्या वाईटावर आहे.

[दृश्य: शीर्षक. त्यानंतर विन्स्टन-सेलम, तंबाखूच्या जुन्या गोदामांच्या विटांच्या भिंती.]

पॅकरचा जन्म १९४० चा, न्यूयॉर्क राज्यातला. वाढला पेनसिल्व्हेनियात, बेथलेहेम या पोलादाच्या गावात. वडील लिहाय विद्यापीठाचे प्रशिक्षक, म्हणजे घरात जेवतानाही बास्केटबॉलच. तिथून तो खेळायला आला या तंबाखूच्या शहरात, वेक फॉरेस्टला. जागा गार्डची. अंगानं काही धिप्पाड नव्हता. शेजारी लेन चॅपेलसारखा दांडगा गडी, त्याला चेंडू पोचवायचा आणि मैदान वाचायचं, हे त्याचं काम. १९६१ आणि १९६२, लागोपाठ दोन वर्षं वेक फॉरेस्टनं एसीसी जिंकली. १९६२ ला संघ थेट देशातल्या शेवटच्या चारांत गेला.

[दृश्य: विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठ. गेन्स सेंटरचा दरवाजा, आतली लाकडी कोर्ट, भिंतीवरचे फोटो.]

आता ही जागा नीट बघा. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कृष्णवर्णीयांचं कॉलेज होतं, तेव्हाचं विन्स्टन-सेलम टीचर्स कॉलेज. प्रशिक्षक क्लॅरेन्स गेन्स; देहयष्टी अशी, की सगळे त्यांना 'बिग हाउस' म्हणत. कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर ८२८ विजय होते. त्यांच्याकडे क्लिओ हिल नावाचा एक गार्ड खेळायचा. डावा हात, उजवा हात, हुक, उडी मारून लांबून, कसाही टाकायचा.

पॅकरनं त्याच्याबद्दल ऐकलं आणि तो सामना बघायला गेला. त्या काळी दक्षिणेत बसमधली आसनं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. सगळ्या प्रेक्षकांत हा एकटा गोरा पोरगा. गेन्सनी त्याला हेरलं आणि आपल्या बाकावर बोलावून बसवलं. त्यातून पुढे दोन्ही कॉलेजांचे खेळाडू आपसात खेळायला लागले. पंच नाही, गुणफलक नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही. कायद्यानं आणि रिवाजानं जे एका कोर्टवर येऊ नयेत, ते घाम गाळत एकमेकांना धडका देत होते. पॅकरचा खरा अभ्यास इथं झाला असं मला वाटतं. मोठ्या नावांच्या बाहेरचा खेळ त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. पुढे लहान संघांवरून त्याला जे ऐकावं लागलं, ते ऐकताना हे लक्षात ठेवा.

[दृश्य: जुना टीव्ही संच, गोल बटण फिरवणारा हात.]

शिक्षण झाल्यावर काही वर्षं तो वेक फॉरेस्टमध्येच सहायक प्रशिक्षक होता. १९७२ साली रॅलेत एका सामन्याला नेहमीचा विश्लेषक येणार नव्हता. बदली म्हणून पॅकरला बसवलं. तो बसला तो बसलाच. एसीसीचे सामने तेव्हा प्रादेशिक वाहिन्यांवर दाखवले जायचे, पॅकरच्या जोडीला जिम थॅकर. अख्खं राज्य त्या दोन आवाजांवर वाढलं. दोन वर्षांत एनबीसी या देशभर दिसणाऱ्या वाहिनीनं बोलावलं, आणि १९७५ पासून देशाच्या अंतिम चार संघांचे सामने तो सांगू लागला. सलग ३४ वर्षं. मधे स्पर्धेचे हक्क एनबीसीकडून सीबीएसकडे गेले, पॅकरही त्यांच्यासोबत गेला.

[दृश्य: कॉलेजचा सराव सामना. कॅमेरा चेंडू सोडून चेंडू नसलेल्या खेळाडूंवर.]

तो करायचा काय, ते या शॉटमध्ये दिसेल. आपली नजर चेंडूवर असते. पॅकर सांगायचा चेंडूपासून लांब काय चाललंय ते. हा पाहा, पाच नंबरचा पोरगा पाठीनं अडथळा उभा करतोय. बचाव करणारा त्याला वळसा घालायचा की पुढून घुसायचं, यात अर्धा क्षण घुटमळला. बास्केट तिथंच झाली होती, चेंडू जाळीत नंतर पडला. कोणाचे चार फाउल झालेत, कुठल्या प्रशिक्षकानं टाइमआउट उधळलाय, झोन बचाव कुठल्या कोपऱ्यातून फुटतोय, हे तो पुढची चाल व्हायच्या आत बोलून जायचा. आणि चुकलं की 'चुकलं' म्हणायचा. बिचारा पोरगा, दडपण असतं, मोठा प्रसंग आहे, असली मलमपट्टी नाही. पंचांनाही नाही आणि मोठमोठ्या प्रशिक्षकांनाही नाही.

१९७८ च्या सुमाराला एनबीसीनं जोडीला अल मॅग्वायर दिला. मार्केट नावाच्या विद्यापीठाला प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून देऊन नुकताच निवृत्त झालेला, न्यूयॉर्कच्या गल्लीचा माणूस. उंच सेंटरला तो 'विमानवाहू जहाज' म्हणायचा. मधे डिक एनबर्ग, सभ्य यजमान. एकीकडे मॅग्वायरची गंमत, दुसरीकडे पॅकरचा हेका. दोघांची चालू सामन्यात जुंपायची आणि एनबर्ग हळूच गुण सांगून मोकळा व्हायचा. पॅकरचा कडूपणा तेव्हा लोकांना गोड लागला, कारण समोर कुणीतरी तो झेलत होतं. पुढे त्याच्यासमोर तसा गडी उरला नाही.

[दृश्य: इंडियाना, टेरे होट. लॅरी बर्डचा पुतळा.]

१९७९. लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट एकही सामना हरला नव्हता. हा संघ देशात पहिल्या क्रमांकाचा नाही, असं पॅकरचं मत, आणि त्यानं ते बोलून दाखवलं. टेरे होट खवळलं. संघ ३३-० करून अंतिम सामन्याला पोचला. समोर मॅजिक जॉन्सनचा मिशिगन स्टेट. ७५-६४, मिशिगन स्टेट. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा याहून जास्त पाहिला गेलेला सामना आजवर झालेला नाही, आणि समालोचनाला पॅकर होता.

[दृश्य: फिलाडेल्फिया. सेंट जोसेफ्स, ससाण्याचा वेश घालून सतत पंख हलवणारा विद्यार्थी.]

२००४. सेंट जोसेफ्सनं नियमित मोसमात २७ पैकी २७ जिंकले, मग लीगच्या स्पर्धेत झेवियरकडून वीस गुणांनी मार खाल्ला. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळालं. पॅकर म्हणाला, लायकी नाही. प्रशिक्षक फिल मार्टेली यांनी टीव्हीवरच जे उत्तर दिलं, ते इथं उच्चारता येणार नाही. सेंट जोसेफ्स शेवटच्या आठांत गेला, ओक्लाहोमा स्टेटकडून दोन गुणांनी हरला. आता खरं कोण ठरलं? फिलाडेल्फियात हे विचाराल तर बसायला खुर्ची आधी मागून घ्या.

[दृश्य: व्हर्जिनिया, फेअरफॅक्स. जॉर्ज मेसनचं आवार, हिरवे-सोनेरी फलक.]

२००६ मध्ये तो साफ आपटला. राष्ट्रीय स्पर्धेत मिसूरी व्हॅलीसारख्या लहान लीगचे चार संघ आणि बलाढ्य एसीसीचेही चारच, हे त्याला पटेना. निवड समितीच्या अध्यक्षांना त्यानं आणि जोडीदार समालोचक जिम नँट्झनं थेट प्रक्षेपणात धारेवर धरलं. पुढचे तीन आठवडे लहान लीगवाल्यांचे होते. मिसूरी व्हॅलीचे दोन संघ शेवटच्या सोळांत. आणि हे जॉर्ज मेसन, अकरावं मानांकन: मिशिगन स्टेट गेला, नॉर्थ कॅरोलिना गेला, विचिटा स्टेट गेला, जादा वेळेत कनेक्टिकट गेला, ८६-८४. अंतिम चारांत! निवड समितीला प्रश्न विचारणं मात्र चूक नव्हतं. आज ते विचारणारे आवाज कमी झालेत.

[दृश्य: चॅपल हिलमधलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर रेडिओ, मागं आवाज बंद केलेला टीव्ही.]

या घरातली रीत शेकडो घरांत होती. चित्र टीव्हीचं, आवाज रेडिओवरच्या वुडी डरहॅमचा. डरहॅम १९७१ पासून ४० वर्षं नॉर्थ कॅरोलिनाचा आवाज होता, तेव्हा यात त्याच्यावरचं प्रेम होतंच. पण पॅकर ऐकायचा नाही, हेही होतं. पुढे प्रक्षेपण डिजिटल झालं आणि चित्र मागं पडायला लागलं. रेडिओवर 'आत!' झालेलं असायचं, पडद्यावर चेंडू अजून पोराच्या हातात. तरी लोकांनी सोडलं नाही. गंमत अशी, की तिकडे ड्यूकवाले म्हणायचे तो नॉर्थ कॅरोलिनाचा, आणि उरलेला देश म्हणायचा, एसीसीचा पाळलेला. १९९३ ला पॅकरला समालोचनासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा यांतल्या कुणालाच तो पटला नसेल.

याच घरातल्या आजोबांना ऐका.

[मुलाखत: आजोबा, ४० सेकंद.]

[दृश्य: पुन्हा कॅमेरनचा दरवाजा, पास तपासणारे विद्यार्थी.]

पॅकरचं तोंड सैल सुटल्याचे प्रसंगही आहेत. १९९६ मध्ये ॲलन आयव्हरसनचं कौतुक करताना त्यानं त्या कृष्णवर्णीय खेळाडूला 'चिवट माकड' म्हटलं. त्याच प्रक्षेपणात माफी मागितली, आणि आयव्हरसन व त्याचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन दोघंही त्याच्या बाजूनं उभे राहिले. २००० मध्ये याच दारावर पास मागणाऱ्या विद्यार्थिनींना तो बायकांबद्दल टाकून बोलला. तिथंही माफी.

[दृश्य: सॅन अँटोनिओ, अलामोडोम बाहेरून. सामन्याचं चित्रीकरण हक्कांमुळे आपल्याकडे नाही. पडद्यावर फक्त गुण.]

एप्रिल २००८, उपांत्य सामना. कॅन्सस ४०, नॉर्थ कॅरोलिना १२. अजून पूर्वार्धच चालू होता. पॅकर म्हणाला, सामना संपला. लाखो लोक बघत असताना, त्याच्याच वाहिनीवर! चॅनेल बदला म्हणून वेगळं सांगायची गरजच काय? उत्तरार्धात नॉर्थ कॅरोलिना चढत चढत ५४-५० पर्यंत आली, आणि तेवढा वेळ त्याला किती शिव्या पडल्या असतील! शेवटी ८४-६६, कॅन्सस.

दोन दिवसांनी अंतिम सामना झाला. मारिओ चाल्मर्सनं दोन सेकंद उरताना बरोबरी साधली, कॅन्सस जादा वेळेत जिंकला. पॅकरचा हा शेवटचा. जुलैत सीबीएसनं त्याच्या जागी क्लार्क केलॉगचं नाव जाहीर केलं. केलॉग स्वभावानं मऊ, कुणाला फारसं न दुखावणारा. २६ जानेवारी २०२३ ला पॅकर शार्लटमध्ये वारला, वय ८२.

[मुलाखत: सेंट जोसेफ्सचा माजी विद्यार्थी, २० सेकंद. न कापता ठेवणे. त्यावरच श्रेयनामावली.]