कढई, कोश आणि कोर्ट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'विरोधकांवर न्यायालयाचं हत्यार आणि लोकशाहीनं मोजलेली किंमत'. किंमत शेवटी सांगतो. तुम्हाला वाटलं असेल, हे गृहस्थ टिळकांपासून सुरू करणार. नाही करत. १९०८चा खटला तुम्हालाच माझ्यापेक्षा पाठ असेल. फक्त एक गोष्ट, राहवत नाही म्हणून: ज्या दावरांनी न्यायमूर्ती म्हणून टिळकांना सहा वर्षं धाडलं, त्यांनीच १८९७ साली बॅरिस्टर म्हणून त्यांना जामीन मिळवून दिला होता. असो. तिथे सत्ता परकी होती, ज्यूरीतले नऊपैकी सात युरोपीय होते. मला बोलायचंय ते मतपेटीतून आलेल्या सत्तेबद्दल, आणि म्हणून आधी स्वयंपाकाबद्दल.

हसताय, पण खरंच सांगतो. समक सुंदरवेज हे २००८ साली थायलंडचे पंतप्रधान झाले. त्याआधी कित्येक वर्षं हे गृहस्थ टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवत. कढईत काहीतरी परतायचं, चाखायचं आणि मधूनच कुणावर तरी तोंडसुख घ्यायचं. पंतप्रधान झाल्यावरही ही खोड सुटेना. आणखी काही भाग केलेच. आता, २००६च्या लष्करी बंडानंतर जी राज्यघटना आली, तिच्यात कलम होतं की पंतप्रधानानं खासगी कंपनीत नोकर असता कामा नये. चांगलंच कलम आहे. समक म्हणाले, मी नोकर नाही, मला जाण्यायेण्याचा आणि सामानाचा खर्च मिळतो. मग प्रश्न आला: नोकर म्हणजे कोण? कामगार कायद्यात व्याख्या होती, पण ती अपुरी पडत होती. न्यायालयानं शब्दकोश उघडला! कोशातला अर्थ ऐसपैस, त्यात समक कढईसकट मावले. ९ सप्टेंबर २००८ला सगळ्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं पंतप्रधानांना घरी पाठवलं.

(मागून कुणीतरी विचारतंय, पदार्थ चांगले व्हायचे का? ते निकालपत्रात नाही.)

समक काही साधुपुरुष नव्हते, आणि कलमाचं उल्लंघन झालंच नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझं म्हणणं तारखेबद्दल आहे. त्या दिवशी विरोधी आंदोलक दोन आठवड्यांपासून पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या आवारात ठाण मांडून बसले होते. त्यानंतर सोमचाई वोंगसवत पंतप्रधान झाले. २ डिसेंबरला त्याच न्यायालयानं त्यांचा अख्खा पक्ष बरखास्त केला आणि त्यांच्यावर पाच वर्षांची राजकीय बंदी घातली. एका वर्षात दोन पंतप्रधान गेले, दोघेही कोर्टातून. त्या देशाला ही सवयच लागली. २०२३च्या निवडणुकीत सर्वांत जास्त जागा मिळवलेला पक्षसुद्धा ऑगस्ट २०२४मध्ये बरखास्त झाला.

वकिलीत आयुष्य गेलं, आणि माझी एकच जुनी तक्रार आहे. लोक विचारतात, निकाल काय लागला? कधी लागला, हे कुणी विचारत नाही. निकालपत्र मागाहून वाचा हो, आधी कॅलेंडर बघा! कोणती फाइल वर्षानुवर्षं धूळ खात होती आणि निवडणुकीचा अर्ज भरायच्या आधी अचानक धावायला लागली?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि किंमत अजून राहिलीच आहे.

मग भरभर सांगतो. ब्राझीलचे तेव्हाचे माजी राष्ट्राध्यक्ष लुला. जुलै २०१७ला न्यायाधीश मोरो भ्रष्टाचाराच्या खटल्यात साडेनऊ वर्षांची शिक्षा देतात; जानेवारी २०१८ला अपिलात ती बारा वर्षांवर जाते; एप्रिलमध्ये तुरुंग; ऑक्टोबरमध्ये निवडणूक. अपिलात शिक्षा कायम झालेल्याला निवडणूक लढवता येत नाही, या ज्या कायद्यानं त्यांची उमेदवारी गेली, त्यावर २०१० साली राष्ट्राध्यक्ष म्हणून सही खुद्द लुलांची. निवडणूक बोल्सोनारो जिंकले आणि जानेवारी २०१९ला मोरो त्यांचे न्यायमंत्री झाले. २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केल्या, मोरो पक्षपाती होते असंही म्हटलं. शिक्षा रद्द झाली, पण २०१८चं मतदान परत झालं नाही. ही पहिली किंमत: चूक आरोपीपुरती दुरुस्त होते, मतदारापुरती होत नाही.

दुसरी अधिक वाईट. सूडाचे खटले चार झाले की पाचव्या, खऱ्याखुऱ्या भ्रष्टाचाराच्या खटल्यातला आरोपीही 'सूड, सूड' ओरडतो आणि निम्मा देश त्याच्यावर विश्वास ठेवतो. खऱ्या चोराला असा बचाव कुठला वकील देणार? तिसरी: हरलो की तुरुंग, हे एकदा कळलं की सत्तेवरचा माणूस हरायलाच तयार होत नाही. मग तो न्यायाधीश आपल्या मर्जीतले नेमतो, निवडणूक पुढे ढकलतो, काहीही करतो. ही मला सगळ्यांत महाग वाटते. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं. तो तास कढईत गेला.

पुढच्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत. विचारा. ...मग दोषी पुढाऱ्याला सोडून द्यायचं का? मुळीच नाही. फ्रान्समध्ये माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझींना शिक्षा झाली, तरी देश चालूच आहे. पण तोच कायदा सरकारच्या माणसाला लागला का, तेवढ्याच वेगानं? आणि निकाल देणारा पुढच्या वर्षी कुठल्या खुर्चीवर दिसला? मला एवढं सांगा, मग त्या निकालाबद्दल माझं मत सांगतो.

दुसरी चिठ्ठी. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पुढची तारीख मागितली असती, पण त्यांचा चेहरा बघता अर्ज फेटाळला जाईल.