हातात घेतलं का समजते

(दृश्य : कळमना बाजार, पहाट. संत्र्यांचे ढीग, बल्बचा पिवळा उजेड.)

निवड करणाऱ्या मावशींनी ढिगातून दोन संत्री उचलली. आकार तोच, रंग तोच. एक उजव्या तळहातावर, एक डाव्या. क्षणभर थांबल्या आणि डावं बाजूला टाकलं. "हे पोकय हाये पोरी. हातात घेतलं का समजते."

नागपुरात वाढलेल्या कुणालाही ही पारख नवी नाही. भौतिकशास्त्रात अशीच एक पारख आहे, आणि ती मला आजही थक्क करते.

(दृश्य : विद्यापीठाच्या वर्गातला फळा. खडूनं काढलेला बाण, त्यापुढे एक पातळ उभी रेघ.)

हा बाण म्हणजे बीम : वेगानं धावणाऱ्या केंद्रकांचा झोत. ही रेघ म्हणजे टार्गेट, वर्खासारखा पातळ पापुद्रा. बीममधले जवळपास सगळे कण आरपार निघून जातात. क्वचित एखादा टार्गेटमधल्या केंद्रकाला भिडतो, त्यात मिसळून जातो, आणि तयार झालेलं जड केंद्रक त्या धक्क्यानं पापुद्र्यातून बाहेर पडतं. हेच रिकॉइल. अभ्यास याचाच करायचा असतो.

पंचाईत अशी, की तेही बीमच्याच दिशेनं निघतं. डिटेक्टर सरळ समोर ठेवला, तर बीमचा लोंढाच त्याला निकामी करेल.

मग चुंबक लावून वळवू, हे उत्तर वर्गात हमखास येतं. पण कण चुंबकात किती वळेल, हे ठरतं त्याच्या संवेगावर आणि विद्युतभारावर. आणि संवेग तर दोघांचा सारखाच! बीमच्या कणानं आपला सगळा संवेग नव्या केंद्रकाला देऊन टाकलेला असतो. चुंबकाला दोन्ही संत्री जवळपास एकाच आकाराची दिसतात.

आता आकडे घेऊ. बीम जस्ताचा, वस्तुमानांक 70. टार्गेट बिस्मथचं, 209. दोन्ही मिळून 279. वस्तुमान जवळजवळ चौपट झालं, संवेग तोच राहिला. म्हणजे वेग चौथाईवर आला, आणि ऊर्जाही चौथाईवर. चुंबकाला न दिसलेला हा फरक विद्युतक्षेत्राला दिसतो, कारण ते कणाला ऊर्जेच्या हिशेबानं वळवतं. जड आणि संथ रिकॉइल वाकून आपल्या वाटेला लागतं. बीम कमी वाकतो, त्याची वाट वेगळी होते. हा सगळा निवाडा कण उडत असतानाच, काही मायक्रोसेकंदांत होतो.

(दृश्य : नागपूर स्थानक, दिल्लीकडे निघालेली रात्रीची गाडी.)

असं यंत्र, म्हणजे रिकॉइलला बीमपासून वेगळं करणारा विभाजक, आपल्याकडे आहे. दिल्लीचं इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर देशभरातल्या विद्यापीठांसाठीच उभं राहिलं. तिथल्या विभाजकाचं नाव, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून, हिरा. विद्युतक्षेत्रानं कण वळवणारे दोन विचलक, मधोमध चुंबक. विचलक बीमला बाजूला सारतात. तिन्ही मिळून उरलेल्या केंद्रकांना वस्तुमान आणि विद्युतभाराच्या प्रमाणानुसार वेगवेगळ्या जागी उतरवतात.

दुसरी रीत वायूची. चुंबकात अगदी विरळ हेलियम भरायचा, हवेच्या दाबाच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतका. केंद्रक हेलियमच्या अणूंना आपटत जातं, इलेक्ट्रॉन गमावतं, परत मिळवतं, आणि त्याचा भार एका सरासरीवर स्थिरावतो. मग कमीजास्त भाराची रिकॉइल इकडेतिकडे पांगत नाहीत, एकाच वाटेनं येतात. संथ रिकॉइलची ही सरासरी बीमपेक्षा कमी, म्हणून आता चुंबकालाही दोघांतला फरक दिसतो.

जपानच्या रिकेन संस्थेत असाच वायूभरला विभाजक होता. जस्त आणि बिस्मथचीच जोडी. सेकंदाला लाख कोटींहून जास्त कण टार्गेटवर पडत होते. 2004 मध्ये 113 व्या मूलद्रव्याचा एक अणू डिटेक्टरमध्ये येऊन रुतला. दुसरा 2005 मध्ये. तिसऱ्यासाठी 2012 चा ऑगस्ट उजाडला.

(दृश्य : काळा पडदा, एक पांढरा ठिपका.)

हा तिसरा अणू जिथे रुतला, त्याच ठिकाणाहून एकामागून एक सहा अल्फा कण बाहेर पडले. त्या सहा खुणांवरून त्याची ओळख पक्की झाली. आज आवर्तसारणीत त्याचं नाव आहे निहोनियम.