हा गणवेश कुणी घालायचा?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

आज या सभागृहात तीन पिढ्या बसल्या आहेत. मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा, मध्ये आपण, आणि पुढे सतरंजीवर ही सगळी मुलं. गेल्या हॅलोविनच्या फोटोंमध्ये यातल्या कितीतरी मुला-मुलींच्या अंगात निळा गणवेश आणि हातात गोल ढाल दिसली, तेव्हाच ठरवलं की यंदा कॅप्टन अमेरिका या कॉमिक्समधल्या नायकाबद्दल बोलायचं. सिनेमातला कॅप्टन मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी कागदावरच्या कॅप्टनबद्दल बोलणार आहे, कारण त्याची गोष्ट बाहेरून या देशात आलेल्या माणसांच्या मुलांनी रचली आहे.

त्याच्या जन्माआधीपासून सुरुवात करते. 20 फेब्रुवारी 1939. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे 20 हजार माणसांची सभा भरली होती. मंचावर जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र, आजूबाजूला अमेरिकेचे झेंडे, आणि त्यांच्या जोडीला नाझींचं स्वस्तिक. जर्मन अमेरिकन बुंड या नाझी समर्थक संघटनेची ही सभा, आणि ती भरवली होती अमेरिकेवरच्या प्रेमाच्या नावाखाली. ब्रुकलिनचा इसाडोर ग्रीनबाउम, प्लंबरच्या हाताखाली काम करणारा तरुण, एकटाच मंचावर धावून गेला. गणवेशातल्या स्वयंसेवकांनी त्याला तुडवलं, पोलिसांनी ओढून बाहेर नेलं, आणि दंडही त्यालाच झाला.

मुलांनो, हे बर्लिनमध्ये झालं नाही. मॅनहॅटनमध्ये झालं. झेंडा कुणाचा, वॉशिंग्टन कुणाचा, हा वाद तेव्हा भर शहरात चालला होता.

त्याच शहरात दोन तरुण कॉमिक्स काढून पोट भरत होते. जो सायमन हा रॉचेस्टरच्या एका शिंप्याचा मुलगा. दुसरा जेकब कर्ट्झबर्ग, ज्याला जग जॅक कर्बी म्हणून ओळखतं. त्याचे आईवडील ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला, आणि घर लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या चाळींत. तिथल्या गल्ल्यांत रोज मारामाऱ्या चालत. कर्बीच्या चित्रांत माणसं ठोसा मारताना जी अख्ख्या अंगानिशी झेपावतात, ते त्यानं तिथं पाहिलेलं होतं.

सायमनने पुढे सांगितलं आहे की त्याला आधी खलनायक सापडला. कॉमिक्समध्ये नायकापेक्षा खलनायकच भाव खातो, आणि हिटलर तर आयताच जिवंत उभा होता. मग त्याला भिडणारा नायक हवा. पहिल्या कच्च्या चित्राखाली त्यानं ‘सुपर अमेरिकन’ असं नाव लिहिलं, पण ‘सुपर’वाले नायक तोवर बरेच झाले होते. तेव्हा नाव ठरलं कॅप्टन अमेरिका. टायमली कॉमिक्सच्या मार्टिन गुडमनने ते छापलं. अंकावर तारीख मार्च 1941 ची, पण तो स्टॉलवर आला डिसेंबर 1940 मध्येच. किंमत 10 सेंट.

ते मुखपृष्ठ आता पडद्यावर आहे, जरा नीट बघा. मध्यभागी कॅप्टनचा ठोसा थेट हिटलरच्या जबड्यावर बसलाय आणि हिटलर मागे कोलमडतोय. चहूबाजूंनी नाझी शिपाई गोळ्या झाडताहेत. ढाल गोल नाही, वर रुंद आणि खाली निमुळती आहे. जमिनीवर अमेरिकेचा नकाशा पडलाय आणि त्याच्याजवळ घातपाताच्या योजनेचा कागद. चित्रातच मागे असलेल्या पडद्यावर एक हस्तक अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवताना दिसतो. कोपऱ्यातल्या वर्तुळात सलाम ठोकणारा पोरगा म्हणजे कॅप्टनचा साथीदार बकी.

आता तारीख पुन्हा आठवा. डिसेंबर 1940. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला अजून जवळजवळ एक वर्ष होतं. अमेरिका युद्धात नव्हती आणि बहुसंख्य अमेरिकनांना त्यात पडायचंही नव्हतं. सरकार जे उघडपणे बोलत नव्हतं ते विशी-पंचविशीतल्या दोन ज्यू तरुणांनी रंगीत चित्रात, मुलांच्या हाती पडेल अशा किमतीत मांडलं. त्याच अंकातला स्टीव्ह रॉजर्स, म्हणजेच पुढे कॅप्टन होणारा, मुळात सैन्याने नापास केलेला काटकुळा मुलगा आहे. रसायन टोचून त्याला बलवान करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव रेनस्टाइन, आणि ते नाव आइनस्टाइनच्या किती जवळचं आहे हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागलं नसेल. बलवान होण्याआधी स्टीव्ह जसा होता, त्याच्यासारख्या दुबळ्या, आजारी माणसांना हिटलरच्या राज्यात जगू देत नव्हते. कर्बी-सायमननी त्यालाच निवडलं आणि त्याच्या अंगावर झेंडा चढवला. मला यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या त्या सभेला दिलेलं उत्तर दिसतं.

अंक हातोहात खपला, खप दहा लाखांच्या आसपास गेला. पण टपालात शिव्याही आल्या आणि धमक्याही. कचेरीबाहेर संशयास्पद माणसं घुटमळू लागली, तेव्हा पोलिसांचा पहारा बसला. सायमनने लिहून ठेवलंय की त्या दिवसांत स्वतः महापौर फिओरेलो ला गार्डिया यांचा फोन आला आणि शहर तुम्हाला काही होऊ देणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. ला गार्डियांचे वडील इटलीतून आलेले, आई ज्यू. त्यांना हे चित्र कळायला वेळ लागला नसणार.

ढालीचं म्हणाल तर दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली, कारण आधीचा आकार दुसऱ्या एका प्रकाशनाच्या ‘शील्ड’ या नायकाच्या छातीवरच्या ढालीशी मिळताजुळता होता आणि त्यांनी हरकत घेतली. ती ढाल फेकून मारायची कल्पना आली तिसऱ्या अंकात, एका छोट्या गद्य कथेत. ती लिहिणारा कचेरीतला पडेल ते काम करणारा 18 वर्षांचा मुलगा होता आणि लेखक म्हणून ते त्याचं पहिलं छापील काम. नाव स्टॅन ली, पुढे कॉमिक्सच्या जगात गाजलेला लेखक.

पैशाच्या बाबतीत मात्र या दोघांवर अन्याय झाला आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नफ्यातला 25 टक्के वाटा ठरला होता. प्रत्यक्षात खर्च वाढवून दाखवले जात आहेत आणि आपल्याला फसवलं जातंय हे त्यांना कळलं. दहा अंक काढून दोघं बाहेर पडले. पुढे सायमन हक्कांसाठी दोनदा कोर्टात गेला आणि दोन्ही वेळा तडजोड झाली, दुसरी थेट 2003 मध्ये. कर्बी 1994 मध्ये गेला. त्याच्या वारसांशी प्रकाशन कंपनीचा समझोता व्हायला 2014 उजाडलं.

कर्बीला 1943 मध्ये लष्कराचं बोलावणं आलं. 1944 च्या ऑगस्टमध्ये तो नॉर्मंडीला उतरला. हा चित्रकार आहे म्हटल्यावर त्याला पुढे पाठवलं, शत्रूच्या हद्दीत शिरून टेहळणी करायला आणि नकाशे काढायला. त्या थंडीत त्याचे पाय इतके गोठले की कापावे लागतात की काय अशी वेळ आली. ज्या हातांनी हिटलरचा जबडा फोडला, ते हात खरोखर युरोपच्या चिखलात रायफल धरून होते.

युद्ध संपलं आणि कॅप्टनची हवाही गेली. 1949 मध्ये त्याच्या गोष्टी थांबल्या. 1953-54 मध्ये त्याला पुन्हा आणलं, या वेळी कम्युनिस्टांना ठोकणारा म्हणून. तो जिथं तिथं कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा काळ. शेजारी, शिक्षक, सिनेमावाले, सगळ्यांवर संशय. झेंडा तोच, गणवेश तोच, पण त्याच्या नावाचं मासिक तीन अंकांत गुंडाळावं लागलं. 1940 मध्ये कॅप्टन अंगावर आलेल्या बलाढ्याशी भिडत होता, 1954 मध्ये तो सरकार दाखवेल त्याला बडवत होता. माझ्या मते वाचकाला हा फरक कळला.

1964 मध्ये ली आणि कर्बीने त्याला बर्फात गोठलेल्या अवस्थेतून बाहेर काढलं आणि सांगितलं की युद्ध संपत आलं तेव्हापासून तो तसाच पडून होता. मग 1954 चा कॅप्टन कोण? त्याचं उत्तर 1972 मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या तरुण लेखकाने दिलं आणि या सगळ्या परंपरेतली ती मला सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. तो एक तोतया होता! कॅप्टनचा भक्त, त्याच्यासारखा चेहरा करून घेतलेला, अर्धवट रसायनाने डोकं बिघडलेला आणि जिथं तिथं देशद्रोही दिसणारा. खऱ्या स्टीव्हला त्याच्याशी लढावं लागतं. आपल्याकडे तोतयाची गोष्ट म्हटली की पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. तिथं पेशवाईसमोर सवाल होता, हा माणूस खरा का? इथं सवाल होता, ही देशभक्ती खरी का?

एंगलहार्टची पार्श्वभूमीही सांगते. व्हिएतनामच्या काळात तो सैन्यात होता आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी युद्धाला परवानगी देत नाही असं अधिकृतपणे सांगून तो बाहेर पडला होता. अशा माणसाच्या हाती देशाचा झेंडा पांघरलेला सैनिक दिला गेला. 1974 मध्ये, वॉटरगेटचं प्रकरण पेटलं असताना, त्याचा कॅप्टन एका गुप्त कटाच्या म्होरक्याचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. बुरखा निघतो. चेहरा वाचकाला दाखवलेला नाही, पण कॅप्टन तो ओळखतो आणि आतून हादरतो. राष्ट्राध्यक्ष निक्सनने वॉटरगेटपायी राजीनामा दिला ऑगस्टमध्ये, हा अंक त्याच्या काही महिने आधीचा. त्यानंतर कॅप्टन गणवेश उतरवतो, नोमॅड या नावाने, म्हणजे देश नसलेला भटक्या म्हणून फिरतो, आणि पुढे पुन्हा ढाल उचलतो ती सरकारसाठी नाही, देशाकडून जी अपेक्षा आहे तिच्यासाठी.

2003 मध्ये आणखी एक पान उलटलं गेलं. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांच्या ‘ट्रुथ’ या मालिकेत ते रसायन आधी कृष्णवर्णीय सैनिकांवर वापरून बघितलं जातं. त्यांना विचारलं जात नाही, घरच्यांना खोटं कळवलं जातं. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सरकारी आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय रुग्णांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत ठेवला होता. त्या मालिकेतला आयझाया ब्रॅडली कॅप्टनचा गणवेश उचलून मोहिमेवर जातो, परत येतो, आणि त्याबद्दल तुरुंगात टाकला जातो. कित्येक वर्षांनी स्टीव्ह त्याच्या घरी जातो आणि त्या गणवेशाचं फाटकं कापड त्याच्या हाती देतो. तेव्हा काही वाचक खूप रागावले. मी ते पान वाचून रडले.

आता आपल्याकडे येते. पहिल्या महायुद्धात भगतसिंग थिंड नावाचा एक पंजाबी तरुण अमेरिकेच्या सैन्यात होता. पगडी घालून, अमेरिकेच्या गणवेशात. युद्धानंतर त्याने नागरिकत्व मागितलं. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या अर्थाने हा गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालामुळे आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. थिंडना ते अखेर मिळालं 1936 मध्ये, माजी सैनिक म्हणून. आपल्यासाठी हे दार खऱ्या अर्थाने उघडलं 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि मागे बसलेल्या आजी-आजोबांपैकी काही जण त्यानंतरच्या पहिल्याच लाटेत आले आहेत.

मुलांनो, आता ज्याचा फोटो दाखवते तो विश्वजीत सिंग, व्यंगचित्रकार. लहानपणी त्याने 1984 ची दिल्ली पाहिली आहे. 2011 मध्ये त्याने दाढी-पगडीवाल्या कॅप्टन अमेरिकाचं चित्र काढलं. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार होऊन माणसं मारली गेली. 2013 च्या उन्हाळ्यात तो स्वतः निळ्या पगडीवर ‘ए’ अक्षर लावून, ढाल घेऊन मॅनहॅटनच्या रस्त्यांवर उतरला. एरवी त्याच्या दाढीकडे बघून शेरे मारणारं शहर त्या दिवशी फोटो काढायला गर्दी करत होतं. त्यानंतर तो शाळा-शाळांत जाऊन मुलांशी बोलू लागला. तोही कर्बीसारखाच काटकुळा स्टीव्ह डोळ्यांपुढे ठेवून निघाला होता, असं मला वाटतं.

पहिले दहा अंक पुनर्मुद्रित स्वरूपात मिळतात आणि एंगलहार्टच्या गोष्टींचेही संग्रह आहेत. आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, नसले तर ते दुसरीकडून मागवून देतात. पहिल्या अंकांत जपानी माणसं फार वाईट, वर्णद्वेषी पद्धतीने काढली आहेत, तेव्हा लहान मुलांना देताना शेजारी बसून वाचा. ‘ट्रुथ’ मात्र हायस्कूलच्या मुलांसाठीच ठेवा, आणि आई-बाबांनी ते आधी वाचावं. आता प्रश्न घेऊ. सतरंजीवरचे हात आधी.