हर्णैची जीप: सडलेल्या टबापासून पहिल्या पावसापर्यंत

(पडद्यावर: जीपचा पुढचा फ्लोअर, त्यावर टेकवलेला स्क्रू ड्रायव्हर)

हा स्क्रू ड्रायव्हर बघा. जोर दिलेला नाही, नुसता टेकवलाय, आणि तो पत्र्यातून आरपार गेलाय, खालची माती दिसतेय. वरून बघाल तर गाडी कशी देखणी, हिरवा चकचकीत रंग, कुठे ओरखडा नाही. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजमधून पूर्ण डेंटिंग पेंटिंग करून आणलेली. आता त्या रंगाखाली पुट्टी निघाली, पुट्टीखाली फायबरची जाळी, आणि जाळीखाली काहीच नाही. तीन वर्षं ड्रायव्हरची टाच पुट्टीवर टेकत होती.

ही गाडी माझ्या मामांची. महिंद्राची एमएम ५४०, चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, २११२ सीसीचं डिझेल इंजिन, मूळ डिझाइन फ्रान्सच्या प्यूजोचं. इंजिन आजही ठणठणीत आहे, हीटर धरून चावी मारली की पहिल्या फटक्यात उठतं. त्यामुळे या व्हिडिओत इंजिनाबद्दल काही नाही. फक्त पत्रा, गंज आणि पाणी.

मामांचं घर दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून जवळ. ज्यांनी हर्णै बघितलंय त्यांना तिथली संध्याकाळ आठवत असेल, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, होड्या किनाऱ्यापासून लांब उभ्या, त्यातली मासळी बैलगाडीतून पाण्यातून बाहेर यायची आणि वाळूवरच लिलाव. मामांची जीप तिथे उभी असायची. टोपल्या भरायच्या, वर बर्फ, आणि घाट चढून दापोली. वाटेत बर्फ वितळायचा आणि ते माशाचं खारं पाणी टबात, म्हणजे जीपच्या चौकोनी उघड्या बॉडीत, साचायचं. घरी आल्यावर बादलीभर पाणी मारलं की झालं. हे वीसेक वर्षं चाललं. आणि वरून कोकणातला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं, हे आपण शाळेत शिकलो. पण मिठाचं काम काय ते नीट कुणी सांगत नाही. गंजणं म्हणजे पत्र्याच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बारीक करंट वाहणं, आणि खाऱ्या पाण्यातून करंट गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहतो. शिवाय मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून पाऊस नसला तरी तो भाग ओलाच राहतो. आणि गंज जितकं लोखंड खातो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग, म्हणजे ठिपक्या ठिपक्यांनी जोडकाम, केलेलं असतं ना, त्या फटीत गंज धरला की तो फुगतो आणि दोन्ही पत्रे आतून उचकटतो. बाहेरून दिसतो नुसता रंगाचा एक फोड. तो फोड दिसला म्हणजे आतलं काम कधीच झालेलं असतं.

(पडद्यावर: टबच्या कडेला रंगाचे फोड, पितळी ब्रश फिरतो तसा पत्रा सुटत जातो)

थोडं मागे जाऊ. महिंद्रा कंपनी सुरू झाली १९४५ मध्ये, आणि सुरुवातीचा धंदा गाड्यांचा नव्हता, स्टीलचा होता. १९४७ पासून मुंबईत अमेरिकेच्या विलीस कंपनीची जीप जोडायला सुरुवात झाली, आणि आमच्या या गाडीचा टब त्याच घराण्यातला. मूळ जीप लढाईसाठी बनलेली. ती पन्नास वर्षं टिकावी असा कुणाचाच विचार नव्हता. पण एक गोष्ट त्या लोकांनी फार शहाणपणाने केली होती. लढाईतल्या जीपच्या फ्लोअरला पाणी सोडायला भोक ठेवलेलं असायचं, वर झाकण. नदी ओलांडली, टब भरला, झाकण काढलं, पाणी गेलं. त्यांनी धरूनच ठेवलं होतं की उघड्या गाडीत पाणी येणार.

आणि आपण काय केलं? आपण तीस चाळीस वर्षं सगळी भोकं बुजवत आलो.

आमचे मिस्त्री दापोलीचे, वय साठीच्या पुढे, हात अजून स्थिर. त्यांनी गाडी बघितली, खाली झोपले, दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग मामांना म्हणाले, "भाऊ, पाणी कुठून येतं ते नंतर बघू. आधी सांगा, जातं कुठून?" मामा म्हणाले जात नाहीच. "मग तेच तर झालंय."

या एका वाक्यावर आमचं पुढचं सहा महिन्यांचं काम उभं आहे.

नोव्हेंबरला टब उचलला. टब चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरी पॅकिंग ठेवून बोल्टने बसवलेला असतो, बोल्ट अर्थातच फिरले नाहीत, ग्राइंडरने कापावे लागले. टब उचलल्यावर चासी दिसली आणि मला वाईट वाटलं ते तेव्हा. मूळ चासी उघड्या पन्हळीसारखी, सी आकाराची. पण आधी कधीतरी तिला तडा गेला असणार, म्हणून कुणीतरी उघड्या बाजूने पट्टी मारून ती डब्यासारखी बंद केली होती. ताकदीसाठी ठीक, पण तळाला भोकच ठेवलं नाही. त्या डब्यात आम्ही ड्रिल मारलं तर आधी काळं पाणी आलं, मग चिखल, मग गंजाचे पापुद्रे, मूठ मूठ. वरून दरवर्षी मे महिन्यात जळकं ऑइल फासलेलं होतं, आमच्याकडे सगळेच फासतात. बाहेरून चासी त्या ऑइलमुळे बरी राहिलीही होती, मी नाही म्हणत नाही. पण ऑइल आत कुठे पोचतंय, आणि त्याने पाट्यांची रबरी बुशं फुगली होती ती वेगळीच, शिवाय पहिल्या सरीबरोबर ते अंगणात आणि तिथून विहिरीकडे जातं. ते मात्र बंद करा अशी माझी मनापासून विनंती आहे.

चासी सँडब्लास्टिंगला पाठवली, म्हणजे जोराने वाळूचा मारा करून रंग आणि गंज उडवायला. पाठवायच्या आधी एक काम आठवणीने करा, चासी नंबर जिथे ठोकलेला असतो तिथे जाड टेप आणि वर रबराचा तुकडा लावा. ब्लास्टिंगमध्ये नंबर पुसट झाला तर पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना आरटीओत काय उत्तर देणार? टब मात्र ब्लास्टिंगला पाठवला नाही, कारण पातळ पत्रा त्या माऱ्याने तापतो आणि लाटा पडतात, तो आम्ही घरीच वायर ब्रशने आणि स्ट्रिपिंग डिस्कने उघडा केला, त्यात अख्खा डिसेंबर गेला.

काही जणांनी विचारलं की सगळंच गॅल्व्हनाइज का नाही केलं. करता येतं, वितळलेल्या जस्तात बुडवतात, साधारण साडेचारशे डिग्रीला, आणि ते संरक्षण उत्तमच, कारण ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड नाही. पण पातळ टब त्या उष्णतेला वाकतो, आणि बंद डब्यासारख्या भागांना हवा जायला भोकं नसतील तर ते आत फुटू शकतात. आम्ही चासीला जस्ताचा प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, आणि वर एपॉक्सीचा घट्ट थर असं केलं.

आणि कोकणात घाई इथेच करायची. ब्लास्टिंग झालेलं लोखंड चांदीसारखं दिसतं, हात लावावासा वाटतो. लावू नका. घामातसुद्धा मीठ असतं. आणि त्याच दिवशी, शक्यतो ऊन आहे तोवर, प्राइमर मारा. आम्ही चासीचा एक क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा दांडा, उद्यावर ठेवला होता, सकाळी त्यावर नारिंगी साय धरलेली, तो पुन्हा घासावा लागला.

(पडद्यावर: मागच्या फ्लोअरची चेकर प्लेट उचकटताना)

आता टब. मागच्या फ्लोअरवर अॅल्युमिनियमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, होती, रिबिटने बसवलेली. ही फॅशन आपल्याकडे सगळीकडे आहे आणि दिसते छान, मान्य. पण खाली बघा. दोन धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की ती. अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झालीये, आणि प्लेटखाली पाणी अडकून राहिल्याने लोखंडाची चाळण. प्लेट लावायचीच असेल तर खाली रबर घाला, कडेने उचलून धुता येईल अशी बसवा. आम्ही ती परत लावलीच नाही.

सडलेला पत्रा कापला, चांगलं लोखंड लागेपर्यंत. इथे मन घट्ट करावं लागतं, कारण भोक तळहाताएवढं दिसतं आणि कापत कापत सुपाएवढं होतं. नवा पत्रा सोळा गेजचा, सीओटू वेल्डिंगने, बोटभर टाका मारायचा, थांबायचं, दुसऱ्या टोकाला मारायचा, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. अर्धवट कापून वर पट्टी मारली असती तर काम चार दिवसांत झालं असतं, पण दोन पत्र्यांच्या मध्ये गंज जिवंत राहिला असता.

वेल्डिंग करताना मिस्त्रींनी मला कौलं दाखवली. समोर मामांचं घर, कौलारू. म्हणाले, "कौल कसं लावतात? वरचं खालच्यावर. उलटं लावलं तर?" उलटं लावलं तर पाणी घरात. पत्र्याचा जोडही तसाच. वरचा पत्रा बाहेरून खालच्यावर यायला हवा, म्हणजे पाणी जोडावरून घसरून जातं, जोडात शिरत नाही. आमच्या टबच्या मागच्या कोपऱ्यातली आधीच्या दुरुस्तीची पट्टी नेमकी उलटी होती, वाटीसारखी, पाणी झेलायला ठेवल्यासारखी. मी ही गाडी लहानपणापासून बघतोय, त्या कोपऱ्यात बसून शाळेत गेलोय, आणि ते मला कधी दिसलं नव्हतं. आता दुसऱ्या कुठल्याही जीपजवळ गेलो की माझी नजर आधी जोडावर जाते.

मग सीलर. क्रम महत्त्वाचा. आधी उघड्या लोखंडावर एपॉक्सी प्राइमर, मग जोडात पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सीम सीलर, फट बुजवणारी लवचिक पेस्ट, मग रंग. प्राइमरशिवाय सीलर मारला तर तो लोखंडाला नीट धरत नाही आणि त्याच्याखाली पाणी चालत राहतं, वरून काही कळत नाही. आणि बाथरूमला लावतात ते सिलिकॉन कृपा करून गाडीला लावू नका. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते अॅसिडच असतं, वाळताना सुटतं आणि उघडं लोखंड खातं. वर रंगही धरत नाही. आमच्या काचेच्या फ्रेमभोवती तेच थापलेलं होतं, ते सोलून काढायला दोन दिवस गेले, आणि खाली फ्रेमचा अख्खा खालचा पाइप भुसभुशीत.

काचेची फ्रेम म्हणजे या गाडीचा सगळ्यात मोठा गळका भाग, कारण ती पुढे आडवी पडते, बिजागरीवर असते, म्हणून तिच्याखालचं रबर कायम दबलेलं हवं. जुनं रबर दगडासारखं झालेलं. नवीन ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं घातलं, उन्हाला टिकतं. पण रबर बदलूनही डाव्या बाजूने पाणी येत होतं, तेव्हा कळलं की फ्रेमच थोडी पिळलेली आहे, रबराचा दोष नाही. बिजागरीखाली पातळ पॅकिंग घालून फ्रेम सरळ बसवली, तेव्हा कुठे थांबलं.

आणि मग भोकं. सगळ्यात खोलगट जागी, दोन पुढे, दोन मागे. खोलगट जागा डोळ्याने ठरवायची नाही, गाडी सपाट उभी करायची, तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते कुठे थांबतं ते बघायचं. भोकाच्या कडेला प्राइमर मारून रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी रिंग. चासीच्या त्या बंद डब्यालाही तळाला भोकं पाडली आणि आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारलं, लांब नळीने, दुसऱ्या टोकाने ठिबकेपर्यंत. मामांना पटत नव्हतं. चांगल्या नव्या पत्र्याला भोक पाडायचं? मिस्त्रींनी फक्त पागोळ्यांकडे बोट केलं.

एक गोष्ट राहिली, ती पत्र्याची नाही पण पाण्याचीच. अॅक्सलच्या हाऊसिंगला, म्हणजे चाकांच्या आसाभोवतीच्या ऑइल भरलेल्या लोखंडी आवरणाला, हवा सोडायला छोटा ब्रीदर असतो. चालून चालून हाऊसिंग गरम होतं, आणि तशीच गाडी ओढ्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरचं पाणी ऑइल सीलमधून, ब्रीदरमधून आत ओढलं जातं. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघतं. आमचंही तसंच निघालं. ब्रीदरला नळी जोडून ती बोनेटखाली उंचावर नेली, काम अर्ध्या तासाचं आणि खर्च नळीपुरता.

(पडद्यावर: मे महिना, अंगण, पाण्याचा पाइप)

मेच्या शेवटी पाण्याची टेस्ट. टबमध्ये सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली, खाली वर्तमानपत्रं पसरली. पाइप खालून धरायचा, मग हळूहळू वर, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. पावडरीत पाण्याची रेघ उमटते, त्या रेघेच्या मागे मागे वर जायचं. पहिल्या दिवशी पाच रेघा. एक तर आरशाच्या स्क्रूपासून निघून पार पायाशी आलेली, आणि आम्ही इतकी वर्षं फ्लोअर गळतो म्हणत होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. मामांनी मुद्दाम गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली, हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर लावून, आत कोरे पेपर. सकाळी सहाला मी गेलो तेव्हा ते आधीच मॅट उचलून बसले होते. ड्रायव्हरकडचा पेपर कोरडा, कडक, हातात घेतल्यावर वाजणारा. मागचे दोन्ही कोरडे. डावीकडच्या पुढच्या पेपरवर रुपयाएवढा ओला डाग. मामा म्हणाले, "हा बघ, भोकापर्यंत पोचला नाहीये अजून, म्हणजे नुकताच आलाय." मिस्त्रींना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, पुसू नका, मी येतो, मला तो कुठून आलाय ते बघू दे.