परमिट एकाच्या नावाचं, खांबावर दुसराच
(नाशिकरोड येथे १ मे रोजी वीज कामगारांच्या शाखा मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

साथींनो, आणि घरची कामं मागे ठेवून आलेल्या माताभगिनींनो,

सचिवांनी आत्ताच शाखांचा अहवाल वाचला. सिन्नरला सभासद वाढले, इगतपुरीच्या साथींना पाऊस सुरू व्हायच्या आत रेनकोट आणि गमबूट मिळाले, कळवणला रक्तदान शिबिर झालं, इथे नाशिकरोडला रविवारचा अभ्यासवर्ग नेमाने चालू आहे. टाळ्या पडल्या, पडायलाच हव्यात. पण शेवटून दुसरी ओळ वाचताना सचिवांचा आवाज खाली गेला आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही. ती ओळ कंत्राटी पोरांच्या अपघातांची होती. मी आज तेवढ्या एकाच ओळीवर बोलणार आहे.

आपल्या घरच्यांना परमिट म्हणजे काय ते नीट ठाऊक नसतं, म्हणून आधी ते सांगतो. अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाइनवर काम करायचं असेल तर लाइनमन उपकेंद्राला कळवतो. ऑपरेटर ब्रेकर पाडून वीज बंद करतो, आयसोलेटर उघडून लाइन तोडतो, तिथे अर्थ करतो म्हणजे तार जमिनीला जोडतो, 'माणसे काम करीत आहेत' हा फलक लावतो आणि रजिस्टरमध्ये वेळ, फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाइन कोणती ते, आणि परमिट घेणाऱ्याचं नाव लिहितो. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. त्याने 'माझी सगळी माणसं खाली उतरली' असं सांगितल्याशिवाय लाइन चालू होत नाही. रजिस्टरमधल्या त्या नावावर वर चढलेल्या माणसाचा जीव असतो.

पण परमिट मिळालं म्हणजे लाइन मेली, असं नाही. हे मी फार महागात शिकलो.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. मे महिना, लग्नसराई, निफाड तालुक्यातला द्राक्षबागांचा पट्टा. लाइनच्या एका फाट्यावर जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला होता. त्या फाट्याच्या टोकाला एकच डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि डीपीला लागून एक मंगल कार्यालय. मी माझ्या नावावर परमिट घेतलं, रीतसर. माझा जोडीदार खांबावर चढला. अंधार पडत आला होता, खालून वऱ्हाडी आवाज देत होते, 'दादा, लवकर करा'. तार अर्थ करायचा डिस्चार्ज रॉड गाडीत होता, गाडी बांधाच्या पलीकडे. मी म्हटलं, परमिट आहे ना, पाच मिनिटांचं काम आहे. डीपीचे डीओ, म्हणजे खांबावरचे फ्यूज, तेसुद्धा पाडले नाहीत.

कार्यालयवाल्याने जनरेटर चालू केला. त्याच्याकडे जनरेटर लावताना आपली लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच नव्हता. जनरेटरची वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीत शिरली. डीपी आपल्यासाठी अकरा हजाराचे चारशे तेहतीस व्होल्ट करते. उलट्या बाजूने वीज दिली की तीच डीपी चारशेचे पुन्हा अकरा हजार करते. यंत्राला दिशा कळत नाही. माझा जोडीदार पट्ट्याला लटकत राहिला. तो वाचला, पण उजवा हात कोपरापासून गेला. तालुक्यात त्याच्यासारखा जंपर बांधणारा नव्हता.

मी हे शाखेत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ साथी म्हणाले, 'चूक कार्यालयवाल्याची.' त्याची चूक होतीच. पण डीओ पाडले असते, रॉड टाकून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ केलं असतं, तर त्याच्या चुकीने माझ्या माणसाला काही झालं नसतं. म्हणूनच अभ्यासवर्गात आपण तेच तेच घोकतो: बंद करा, तोडा, फलक लावा, तपासा, अर्थ करा. आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत, छतांवर सोलर आहे. आणि एकाच खांबावर दोन फीडर असले की बंद तारेतही शेजारच्या चालू तारेमुळे इंडक्शन येतं, म्हणजे न जोडताच वीज उतरते. बंद लाइनमध्ये वीज येण्याच्या वाटा आज तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

आता त्या ओळीकडे येतो.

माझ्या त्या प्रसंगात परमिटवर नाव माझं होतं आणि मी खांबाखाली उभा होतो. आज काय होतं? परमिट कायम कामगाराच्या नावावर निघतं, तो त्याच वेळी दुसऱ्या फीडरवर असतो, आणि खांबावर ठेकेदाराकडचा बावीस वर्षांचा पोरगा असतो. आयटीआय झालेला, हुशार, चपळ. त्याला फोनवर सांगतात, 'परमिट घेतलंय, चढ.' कुणी घेतलं, कोणत्या फीडरचं, किती वाजता, त्याला काही माहीत नसतं. 'नाही चढणार' म्हणायची त्याची टाप नाही, कारण उद्या ठेकेदार त्याला घरी बसवेल. लाइन चालू करताना 'सगळे उतरले' असं सांगणाऱ्याने त्याला पाहिलेलंच नसतं.

साथींनो, याला मी अपघात म्हणायला तयार नाही. आणि यात आपला, म्हणजे कायम कामगारांचा, वाटा आहे. आपल्या नावावर परमिट काढून दुसऱ्याला चढवायला आपण 'अॅडजस्ट करणं' म्हणतो. हे थांबवायला कुठल्या मंत्रालयात जावं लागत नाही.

मोठ्या लढायांचं महत्त्व मला कमी करायचं नाही. १९२६ च्या कायद्याने सात माणसांना संघटना नोंदवण्यासाठी अर्ज करायचा हक्क दिला, तिथून आपण इथवर आलो. कॉम्रेड ए. बी. बर्धन यांच्यासारख्यांनी या राज्यातला वीज कामगार संघटित करण्यात आयुष्य घातलं. २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, २०२० मध्ये मालेगाव शहराचं वितरण खासगी फ्रँचायझीकडे गेलं. खासगीकरणाविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये तीन दिवसांच्या संपाची हाक दिली, तेव्हा पहिल्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावं लागलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या फाटकावर पहाटे जमलेल्या सभा इथल्या कित्येकांच्या डोळ्यांसमोर असतील. पण संप वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतो. खांबावर माणूस रोज चढतो.

म्हणून मला या वर्षीच्या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते अहवालात अर्ध्या ओळीत आटोपलंय: 'ईएसआय कार्ड तपासणी.' ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. आपल्या दोन साथींनी कंत्राटी पोरांना एकेक करून बसवलं, मोबाईलवर त्यांचा विमा क्रमांक उघडून पाहिला. पगारातून पैसे कापले जातात, पण वारसाचं नाव नाही, कुणाच्या बापाचं नाव चुकलेलं, कुणाचा क्रमांकच निघालेला नाही. कामावरच्या इजेसाठी ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत. माणूस दगावला तर अवलंबितांना मिळून वेतनाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत दरमहा मिळतं. पण ती नोंद आधी नीट हवी. अंत्यविधी आटोपून आलेल्या आईला आधार कार्डावरचं स्पेलिंग दुरुस्त करायला रांगेत उभं केलेलं मी पाहिलंय. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी ज्याने ठेका दिला त्या मुख्य मालकावर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. पोरांना हे कुणी सांगत नाही. आपण सांगायचं.

आणखी एक प्रसंग सांगतो, नाव-गाव सांगत नाही. एका उपकेंद्रात रात्रपाळीला आपली एक ताई ऑपरेटर होती. पाऊस धो धो, फीडर बंद, फोनवर फोन. एकाने दरडावून सांगितलं, 'काम झालंय, लाइन घ्या.' ताईने परमिट नंबर विचारला. तो म्हणाला, 'नंबर कसला विचारता, मी सांगतोय ना.' ताई म्हणाली, 'परमिट ज्यांनी घेतलं त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मी ब्रेकरला हात लावणार नाही.' वीस मिनिटं गाव अंधारात राहिलं. वीस मिनिटांनी परमिटवाल्याचा फोन आला: 'ताई, एक पोरगा अजून वरच आहे.'

दुसऱ्या दिवशी ताईला उशिराबद्दल लेखी खुलासा मागितला गेला. शाखेचे सहा जण तिच्यासोबत गेले, रजिस्टर टेबलावर ठेवलं, खुलाशाचा कागद तिथेच मागे घेतला गेला. घोषणा नाही, फोटो नाही. तो पोरगा आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे.

सिंहस्थ २०२७ चा आहे. केबलची, खांब हलवण्याची कामं घाईची असणार, नवी पोरं येणार. त्याआधी प्रत्येक शाखेने एक ठरवावं: परमिट घेणारा कामाच्या जागी हजर असेल, आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तो कायम असो की कंत्राटी, परमिट घेणाऱ्याच्या वहीत असेल. उतरल्यावर नावापुढे त्याची स्वतःची सही. सही पूर्ण झाल्याशिवाय परमिट परत नाही. आणि एखादा पोरगा 'रॉड टाकल्याशिवाय चढत नाही' म्हणाला, तर त्याच संध्याकाळी शाखा त्याच्या ठेकेदारासमोर उभी असेल.

येत्या रविवारी सकाळी अभ्यासवर्ग आहे. येताना आपापले रबरी हातमोजे आणा. मनगटाकडून गुंडाळत हवा बोटांत कोंडायची आणि कानाशी धरून ऐकायचं, कुठे फुसफुसतंय का. ज्यांना मोजे मिळालेलेच नाहीत त्यांनी रिकाम्या हाताने या, तुमची नावं आधी लिहून घेऊ.