आधी आलं, मग पावडर, शेवटी दूध

मंडळी, पुण्यात चहावर बोलायचं म्हटलं की १८९० सालाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं, पाठोपाठ चहा-बिस्किटं आली. सभेला रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे मिशनऱ्यांकडचा चहा प्यायला म्हणून वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. कोण प्यायला, कोणी नुसताच कप हातात घेतला, यावर खल झाला आणि शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आज त्याच पुण्यात सकाळी सहाला अमृततुल्यच्या दारात उभं राहायला जागा नसते. असो, ग्रामण्यावर बोलणारे माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत. मी पातेल्याकडे वळतो.

आपला दुधाचा, मसाल्याचा चहा म्हणजे साहेबाच्या चहाची बिघडलेली नक्कल, असं म्हणणारे अजून भेटतात. पानं उकळायची नसतात, गरम पाण्यात नुसती मुरवायची असतात, असं ते सांगतात. दार्जिलिंगच्या पानाबद्दल ते अगदी बरोबर आहेत. ते पान उकळलंत तर पैसे पाण्यात गेले. पण आपल्या डब्यात ते पान असतंच कुठे? आपल्याकडे असते ती दाणेदार पावडर, सीटीसी. १९३०च्या सुमारास आसामात ही पद्धत निघाली. दातेरी रूळ वेगवेगळ्या वेगानं फिरतात, त्यांच्यामधून पान चिरडत, फाटत, वळत जातं आणि त्याचा बारीक दाणा होतो. पानातला रस आधीच फुटलेला असल्यामुळे हा दाणा झटकन रंग सोडतो, कडक उतरतो आणि एका किलोत कितीतरी जास्त कप देतो. नाजूक सुगंध त्याच्याकडे कमीच. पण म्हशीच्या दुधासमोर टिकून राहायचं तर नाजूकपणा काय कामाचा? उकळणं हा या दाण्याचा अपमान नाही, तो उकळण्याच्याच लायकीचा आहे.

गंमत बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चहाच्या धंद्यातल्या लोकांनीच गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर जाऊन आपल्याला चहाची गोडी लावली, आणि दूध-साखर-मसाला जास्त घालणाऱ्या टपरीवाल्यांवर तेच नाराज झाले. कारण उघड आहे, मसाला वाढला की पावडर कमी लागते! मसाल्याच्या चहात चव आहे तशी काटकसरही आहे, आणि मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

आता कृती. दोन कपांसाठी सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध, दोन लहान चमचे पावडर, साखर ज्याची त्यानं बघावी. आटून कप काठोकाठ भरणार नाहीत, एवढंच. घरोघरी चहा बिघडतो तो या प्रमाणामुळे नाही, सगळं एकदम पातेल्यात ओतल्यामुळे बिघडतो.

आल्यापासून सुरुवात करू. अर्धा इंच आलं घ्या आणि ठेचा. खलबत्त्यात दोन ठोके बसले, रेषा सुटल्या, रस दिसला की पुरे. ते गार पाण्यात टाकून गॅस लावा आणि उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं खळखळू द्या. वास आधी झोंबतो, मग थोडा मवाळ होतो. तिथवर थांबायचं. ही घाई का करायची नाही? ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, जिंजिबेन. कच्च्या आल्याचा रस कोमट-गरम दुधात पडला की ते दुधातल्या केसीनवर काम करतं आणि दूध फाटतं. उकळीनं ते विकर मरतं. म्हणजे आल्यानं दूध नासतं ही तक्रार खरी, पण उकळलेल्या आल्यावर तो आळ येत नाही. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात लोक हेच मुद्दाम करतात. साधारण ७० अंशांचं गोड दूध आल्याच्या रसावर ओतायचं, हलवायचं नाही, की थोड्याच वेळात आपल्या खरवसासारखं थरथरतं काहीतरी जमतं. आपण ज्याला दूध फाटलं म्हणून मोरीत ओततो, ते तिथं वाटीतून चमच्यानं खातात.

आल्यासोबत चालतील त्या कडक जिनसा: दालचिनीचा तुकडा, एखादी लवंग, दोन मिरे. गवती चहाची पात असेल तर हातानं चुरगळून याच वेळी टाका. परसातली ताजी पात मिळाली तर मी बाकीचा मसाला बाजूला ठेवतो, दोघांचं पटत नाही. मग पावडर. ती पडल्यावर एक-दीड मिनिट, रंग गडद तांबूस होईपर्यंत. जास्त उकळलीत तर तुरटपणा जिभेला चिकटतो. दूध ती तुरट द्रव्यं केसीनशी बांधून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा सौम्य लागतो, पण दुधालाही काही मर्यादा आहे.

दूध आधी वेगळं तापवून घाला, म्हणजे उकळी मोडत नाही. चहा वर येईल, गॅस बारीक करा, पुन्हा वर येऊ द्या. असं दोन-तीनदा. वेलची मात्र अगदी शेवटी, सालासकट कुटून, गॅस बंद करायच्या बेतात. तिचा वास उडून जाणारा आहे. सुरुवातीला घातलीत तर स्वयंपाकघर घमघमेल आणि कप कोरडा राहील. झाकण ठेवून मिनिटभर थांबा, मग गाळा.

तयार मसाला करून ठेवायचा असेल तर सुंठ आणि वेलची सारख्या भागानं, मिरी-दालचिनी त्यांच्या निम्मी, लवंग चिमूटभर, जायफळ नावापुरतं. लहान बाटलीत, थोडाच. सुंठ ताज्या आल्याहून तिखट असते, तेव्हा हात आवरता घ्या.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, गुळाचा चहा हमखास फाटतो, त्याचं काय? गूळ थोडा आंबटसर असतो, आणि उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. चहा करा, गॅस बंद करा, दोन मिनिटं निवू द्या, मग किसलेला गूळ थेट कपात टाकून त्यावर चहा गाळा. आणि दूध सकाळचं असू द्या. कालचं दूध आधीच आंबायला लागलेलं असेल तर गुळाला दोष देऊ नका.