बिनपाटीचं दार

[दृश्य : पांढरा टॉवेल, अगदी जवळून. दोन बोटं त्याची कड उलटवतात.]

सोलापूरच्या माणसाच्या हातात टॉवेल दिला, की तो आधी तोंड पुसत नाही. आधी उलटा करतो. कडेची शिवण बघतो, एक फास नखानं ओढून बघतो, मग घडी तळहातावर टाकून दोनदा झेलतो आणि वजन सांगून मोकळा होतो. पाचशेचा. साडेपाचशेचा. म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर, लाउंजमधल्या अंघोळीच्या खोलीबाहेर, एका सोलापूरकरानं नेमकं हेच केलं. टॉवेल देणारी बाई बघत राहिली. तिला वाटलं, टॉवेल खराब निघाला. ती दुसरा आणायला निघाली, तेव्हा हे गृहस्थ घाईघाईनं म्हणाले, "नो नो, गुड टॉवेल, गुड टॉवेल." आणि आत गेले.

[दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी. मागांचा खडखडाट.]

त्यांना आपण अण्णा म्हणू. कारखान्यात सगळे तेच म्हणतात. नाव सांगू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि गिऱ्हाइकाशी 'गुड टॉवेल' छापाचं इंग्रजी. त्यांच्या वडिलांनी चादरी विणल्या. अण्णा टेरी, म्हणजे फासांचे टॉवेल विणतात आणि बाहेर पाठवतात. म्हणून दर जानेवारीत फ्रँकफर्ट. तिथं घरगुती कापडाचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, हाइमटेक्सटील. आणि ते नेमकं आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत येतं. २०२५ साली १४ ते १७ जानेवारी, म्हणजे ऐन संक्रांतीत. अण्णांच्या बायकोची या प्रदर्शनाबद्दलची मतं आम्ही चित्रित केली होती. त्यांनीच ती काढायला लावली.

आता लाउंज. विमानतळावरच्या गर्दीपासून बाजूला, काचेच्या दारामागची बसायची जागा. सोफे, खाणं, वायफाय, मोठ्या ठिकाणी अंघोळीची सोय. अण्णा इकॉनॉमीच्या तिकिटावर जातात. तरी त्यांना दार उघडतं, कारण त्यांच्याकडे सोनेरी कार्ड आहे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक संघात आहे. एका कंपनीत पुरेसा प्रवास केला आणि वरची पायरी गाठली, की संघातल्या दुसऱ्या कंपनीकडेही तुमची गोल्ड म्हणून गणना होते. लाउंज मिळतं, विमानात आधी चढता येतं, आणि जादा सामान नेता येतं.

अण्णांना विचारलं, यातलं सगळ्यात भारी काय? आम्हाला वाटलं, अंघोळ म्हणतील.

"सामान की! वीस किलो जादा. तेवढ्यात माझे किती सॅम्पल जातात, हिशेब करा."

[दृश्य : सॅम्पलची बॅग. टॉवेलांच्या घड्यांमध्ये कडक भाकरीचा पुडा आणि शेंगा चटणीची बरणी.]

बरणीभोवती टॉवेल गुंडाळलेला आहे. चटणीचं तेल सॅम्पलला लागू नये म्हणून. आणि त्या टॉवेलला लागलं तर? "तो सेकंडचा माल आहे."

याच फ्रँकफर्टमध्ये मुख्य टर्मिनलपासून वेगळी एक इमारत आहे. लुफ्तान्साचं फर्स्ट क्लास टर्मिनल, २००४ साली सुरू झालेलं. तिची स्वतःची सुरक्षा तपासणी, स्वतःचा पासपोर्ट काउंटर. विमान तयार झालं, की प्रवाशाला मोटारीत बसवून थेट विमानाच्या पायथ्याशी सोडतात. आत बाथटब आहेत आणि टबासोबत रबराचं एक बदक मिळतं. ही बदकं जमवायचा नाद लागलेली माणसं आहेत. करोडोंचे व्यवहार करणारा माणूस खिशात बदक घालून विमानात चढतो. आपल्याकडे लग्नात रुखवतातला चमचा खिशात घातला, तर आत्या वर्षभर बोलतील.

या इमारतीत जायचं तर फर्स्ट क्लासचं तिकीट हवं, नाहीतर 'हॉन सर्कल' हा दर्जा. अनेक वर्षं त्याची अट होती सलग दोन वर्षांत सहा लाख मैल, तेही फक्त वरच्या वर्गातल्या प्रवासाचे. आता मैल जाऊन गुण आले आहेत. पण हिशेब काय तो उघड आहे. एवढं उडा, एवढं मिळवा. कष्टाचा असो की कंपनीच्या पैशाचा, रस्ता दिसतो तरी.

अण्णांनी ती इमारत टॅक्सीतून पाहिली आहे. "बरी आहे," म्हणाले.

खरी गंमत त्याच्याही पुढं आहे. तिथं रस्ताच दिसत नाही.

[दृश्य : लांब, रिकामा कॉरिडॉर. एक साधं बंद दार.]

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं एक लाउंज आहे, चेअरमन्स लाउंज. सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा अशा मोठ्या विमानतळांवर. दारावर ठसठशीत पाटी नाही. त्याचं सभासदत्व विकत मिळत नाही, मैल साठवून मिळत नाही, अर्ज करून तर नाहीच नाही. कंपनीकडून बोलावणं यावं लागतं. येतं कुणाला? खासदारांना, न्यायाधीशांना, मोठ्या उद्योगांच्या प्रमुखांना. तिथल्या खासदारांना हे सभासदत्व आपल्या हितसंबंधांच्या नोंदवहीत जाहीर करावं लागतं. विमान वाहतुकीचे नियम ज्यांनी ठरवायचे, त्यांनाच विमान कंपनी चहाला बोलावते. मग तिथल्या लोकांनी 'त्या चहाची किंमत काय' असं विचारलं, तर त्यात नवल नाही.

अमेरिकेतही अशी बोलावण्यानंच मिळणारी सभासदत्वं आहेत. युनायटेडची ग्लोबल सर्व्हिसेस, अमेरिकन एअरलाइन्सची कन्सियर्ज की, डेल्टाची थ्री सिक्स्टी. नेमके निकष कंपन्या छापत नाहीत. वर्षाला किती खर्च केला की बोलावणं येतं, याचे नुसते अंदाज बांधले जातात. यातल्या काहींसाठी पुढचं विमान चुकायला आलं, तर कंपनीचा माणूस या विमानाच्या दाराशी उभा असतो आणि खालच्या खाली मोटारीतून त्या विमानाला नेऊन पोचवतो.

दर वर्षी हे पुन्हा ठरतं. गेल्या वर्षी बोलावणं आलं म्हणून यंदा येईलच असं नाही. आणि नाही आलं, तर का नाही हे विचारायचं कुणाला?

हे खूळ नवं नाही. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सनं अ‍ॅडमिरल्स क्लब काढला. कंपनी तेव्हा आपल्या विमानांना फ्लॅगशिप म्हणायची, म्हणजे आरमाराचं प्रमुख जहाज. मग लाडक्या गिऱ्हाइकांना हुद्दाही आरमाराचाच दिला. तो मिळणं कंपनीच्या मर्जीवर होतं. पुढं भेदभावाच्या तक्रारी झाल्या आणि पैसे भरून कुणालाही सभासद होता येऊ लागलं. याच कंपनीनं १९८१ च्या मे महिन्यात मैल साठवायची योजना आणली आणि जगभर तिची नक्कल झाली. त्याच वर्षी तिनं अडीच लाख डॉलरला जन्मभर फर्स्ट क्लासचा अमर्याद पासही विकायला काढला. घेणाऱ्यांपैकी काहींनी तो असा वापरला, की कंपनीला घाम फुटला. शेवटी गैरवापराचं कारण देऊन काही पास रद्द केले, प्रकरणं कोर्टात गेली. 'पोटभर जेवा' म्हणणाऱ्यानं आधी पंगतीत कोण बसलंय ते बघायला हवं होतं.

मैल ही कंपनीची मेहरबानी नाही, तो धंदा आहे. कंपनी मैल बँकांना विकते, बँका ते कार्डावर वाटतात, आणि तुम्ही किराणा भरताना उडायला लागता. २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती, तेव्हा युनायटेडनं आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टानं ९ अब्ज. उडणारं विमान बंद पडलं होतं, कागदावरचा मैल मात्र चालू होता.

अण्णांच्या पाकिटात एका बंद पडलेल्या विमान कंपनीचं कार्डही आहे. त्यावरचे मैल कुठं गेले?

"व्यापाऱ्याची उधारी बुडते तसं बुडालं. कार्ड चांगलंय, मागाच्या बीमवरचा डिंक खरवडायला येतं."

[दृश्य : मुंबईच्या देशांतर्गत टर्मिनलवरच्या लाउंजची रांग, दुरून.]

आपल्याकडे लाउंज सामान्य माणसापर्यंत पोचलं ते बँकेच्या कार्डानं. मशिनवर दोन रुपयांचा व्यवहार केला, की आत. पोहे, उपमा, इडली, कॉफी. दोन रुपयांत इतकं मिळाल्यावर मराठी माणूस विमानतळावर तीन तास आधी पोचायला लागला. मग रांग लागली. आमच्या चमूलाही चाळीस मिनिटं उभं राहून दारात कळलं, की बँकेनं गेल्या तिमाहीत खर्चाची अट घातली आणि ती आमच्या कार्डानं पूर्ण केलेली नाही. बाहेर येऊन दीडशेचा वडापाव खाल्ला. बरा नव्हता.

पण बिनपाटीचं दार का लागतं, ते त्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं. सोफा तोच, कॉफी तीच. जोवर पंगतीत मोजकी पानं होती, तोवर लाउंजला मान होता. सगळे आत आले, तसा मान उठून आतल्या खोलीत जाऊन बसला.

यात परकं काय आहे? आपल्याकडे आमंत्रणातही पायऱ्या आहेतच. नुसती पत्रिका पाठवली, तर एक माणूस जाऊन आहेर करून येतो. घरी येऊन अक्षता दिल्या तर गोष्ट वेगळी. चूलबंद आवतन असलं तर घरादारानं जायचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं वेटिंगचं तिकीट कन्फर्म करायला कुणाचं तरी पत्र लागतं. ते मिळवून देणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो आणि तो मोबाइलवर कधीच हळू बोलत नाही.

[दृश्य : होटगी रोड विमानतळ. धावपट्टीपलीकडे मोकळं आकाश.]

ज्या बाजूला आता आकाश मोकळं दिसतंय, तिथं सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होती. विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. चिमणी हवी म्हणणारे, विमान हवं म्हणणारे, मोर्चे, उपोषणं, कोर्ट. १५ जून २०२३ रोजी ती पाडली. काही सेकंदांत धुरळा. त्या दिवशी या शहरात रडणारेही होते आणि पेढे वाटणारेही होते. ऊस घालणाऱ्याची बाजू आणि विमान मागणाऱ्याची बाजू, दोन्ही एकाच घरात असायच्या.

मग ९ जून २०२५ पासून फ्लाय नाइंटी वनचं गोव्याचं विमान सुरू झालं. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला स्टार एअरचं मुंबईचं. स्टार एअरकडच्या एम्ब्रेअर विमानात ७६ आसनं असतात, त्यातली १२ बिझनेस क्लासची. म्हणजे सोलापूरच्या विमानातही पडदा आला. पडद्याच्या पुढं बारा, मागं चौसष्ट.

मात्र विमानात चढेपर्यंत सगळे एकाच हॉलमध्ये, एकसारख्या खुर्च्यांवर. कोण कुणाचा पाहुणा, कोणाच्या मुलीचं कुठं जमलं, सगळं तिथंच कळतं. सोलापुरात बिनपाटीचं दार काढलंच, तरी संध्याकाळपर्यंत सात रस्ता चौकात सगळ्यांना माहीत, की आत कोण बसलंय.

[दृश्य : सिद्धेश्वर तलाव. पहाटेचं धुकं. नंदीध्वजांचा सराव.]

मान ही गोष्ट सोलापूरला शिकवायला नको. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि प्रत्येकाचा मान ठरलेला आहे. तो कुणाकडं, हे लहान पोरही सांगतं. ती उंच काठी एकट्यानं कमरेच्या आधारानं पेलायची असते. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. खांदे भरून येतात, कमरेला वळ उठतात. आम्ही चित्रीकरण केलं, त्या पहाटे एक तरुण काठी सोडून खाली बसला होता आणि त्याचे काका त्याला पाणी द्यायच्या आधी शिव्या देत होते.

आणि मग संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, गच्चीगच्चीवर माणसं. या लग्नाची पत्रिका कुणाच्याच घरी येत नाही. अख्खं गाव वऱ्हाडी.

[दृश्य : मोबाइलवर चित्रित केलेलं. प्रदर्शनातला छोटा स्टॉल, टॉवेलांच्या थप्प्या.]

हे अण्णांच्या पुतण्यानं फ्रँकफर्टहून पाठवलेलं आहे. तिथं सकाळचे साडेआठ. प्रदर्शन उघडायला अर्धा तास. सोलापुरात दुपारचा एक वाजलाय आणि व्हिडिओ कॉलवर संमती कट्ट्याचा गलका ऐकू येतोय. आवाज मध्येच तुटतो.

सॅम्पलच्या बॅगेत, भाकरीच्या पुड्याखाली, बायकोनं अक्षतांची पुडी घातली होती. अण्णांनी चपला काढल्या. फोनमधून 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' आलं आणि त्यांनी मूठभर तांदूळ फोनवर टाकले.

फोन टॉवेलांच्या थप्पीला टेकवून ठेवला होता. सगळे दाणे टॉवेलवर. टेरीच्या फासात तांदूळ अडकला, तर झटकून निघत नाही. एकेक दाणा नखानं उचलावा लागतो. काका-पुतणे खाली वाकून दाणे वेचतायत, आणि पुतण्या विचारतोय, "अण्णा, पहिली पार्टी नऊला येणार. ही वरची दोन काढून ठेवू का?"

"राहू दे. उलटी करून ठेव."